चार गोळ्या आणि सकाळचा चहा

मिरजेत औषधांचं दुकान चालवायचं म्हणजे सांगली जिल्ह्याबरोबर सीमेपलीकडचीही गिऱ्हाइकं सांभाळायची. जत, कवठेमहांकाळ, अथणी, रायबाग इथून माणसं सकाळी येतात, डॉक्टरांना दाखवतात आणि परतीची गाडी गाठण्याआधी माझ्या काउंटरवर चिठ्ठी ठेवतात. प्रोस्टेटच्या कॅन्सरची चिठ्ठी बहुधा मुलगा पुढे करतो. काका दोन पावलं मागे. मुलगा भाव विचारतो, घासाघीसही करतो. गोळी कशी घ्यायची हे क्वचितच कोणी विचारतं, म्हणून मीच सांगायला सुरुवात करते.

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या खाली असलेली पुरुषांची ग्रंथी. तिच्यातला कॅन्सर बहुतेक वेळा टेस्टोस्टेरॉन या हार्मोनवर पोसतो. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये हे दाखवून दिलं आणि १९६६ साली त्यांना नोबेल मिळालं. तेव्हा उपाय होता अंडकोष काढण्याचा. ती शस्त्रक्रिया आजही होते. खर्च एकदाच, पुढे इंजेक्शनच्या तारखा सांभाळायला नकोत. ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाला मला तरी ती सरळ वाट वाटते. पण बहुतेक जण ल्यूप्रोलाइड, गोसेरेलिन किंवा ट्रिप्टोरेलिनचं इंजेक्शन पसंत करतात. मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीकडून अंडकोषांना सुटणारा हुकूम ते थांबवतं. मात्र सुरुवातीचा आठवडा-दोन आठवडे टेस्टोस्टेरॉन उलट वाढतं. मणक्यात आजार पसरला असेल तर एवढ्यानेही नसांवर दाब येऊ शकतो. म्हणून डॉक्टर बायकॅल्युटामाइडच्या गोळ्या आधीपासून लिहून देतात. ‘इंजेक्शन घेतलंय ना, मग गोळ्या कशाला’ म्हणून त्या परत करायला येणारे असतात. मी घेत नाही. पाठ एकाएकी जास्त दुखू लागली, पायांतलं बळ गेलं किंवा लघवी तुंबली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

माझा सगळ्यात जास्त वेळ खाते ती अबिरॅटेरोन. अंडकोष थांबले तरी किडनीवरच्या अॅड्रिनल ग्रंथी आणि खुद्द गाठ थोडं हार्मोन बनवतच राहतात. तेही ही गोळी बंद करते. नेहमीच्या डबीत २५० मिलिग्रॅमच्या १२० गोळ्या असतात, रोज चार, एकदम. पोट रिकामं हवं: आधीचे दोन तास आणि नंतरचा एक तास काहीही खायचं नाही. इथे गाडी अडते ती चहावर. आमच्याकडे दूध-साखरेचा चहा आणि दोन बटरं याला कोणी खाणं समजतच नाही. एकादशीची साबुदाण्याची खिचडीसुद्धा ‘उपवास’ या खात्यात जाते. जेवणासोबत ही गोळी घेतली तर तिचं रक्तातलं प्रमाण पाचपट होतं, तेलकट-तुपकट जेवण असेल तर दहापटीपर्यंत जातं. पहाटे पाण्याबरोबर गोळ्या आणि तासाभराने चहा, किंवा आठला जेवण उरकून साडेदहाला गोळ्या. घराला झेपेल ती वेळ धरा आणि रोज तीच ठेवा. एखाद्या दिवशी राहिली तर दुसऱ्या दिवशी आठ घ्यायच्या नाहीत, चारच.

जेवणासोबत प्रमाण वाढण्याच्या याच गुणाचा उपयोग करून २०१८ साली ७२ रुग्णांवरचा एक अभ्यास छापला गेला: एकच गोळी, हलक्या नाश्त्यासोबत. पीएसए, म्हणजे या आजाराचा अंदाज देणारा रक्तातला आकडा, त्या गटातही तसाच उतरला. खर्च वाचतो म्हणून काही डॉक्टर तसं लिहून देतात. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. ‘आमच्या भावकीतले एकच घेतात’ म्हणून चाराची एक करू नका, आणि चार लिहिल्या असतील तर नाश्त्यासोबत मुळीच नकोत.

अबिरॅटेरोनसोबत दिली जाणारी प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी मात्र काहीतरी खाऊन घ्यायची, आणि मनाने एकाएकी कधीच बंद करायची नाही. अबिरॅटेरोनमुळे रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं, पायांवर सूज येते. त्याला आवर घालायला ती असते. लिव्हरची तपासणी पहिले तीन महिने दर पंधरा दिवसांनी, मग महिन्याला. गोळीवर हजारो रुपये घालणारे या तपासणीच्या काहीशे रुपयांना का-कू करतात, तेव्हा माझा आवाज चढतो.

मग मी काकांची पिशवी काउंटरवर रिकामी करायला लावते. साखरेच्या गोळ्यांत पायोग्लिटाझोन असेल तर अबिरॅटेरोनसोबत साखर धोकादायक उतरू शकते. टीबीची रिफाम्पिसिन चालू असेल तर अबिरॅटेरोनचा असर घटतो. सूज उतरवायला कोणी स्पायरोनोलॅक्टोन दिली असेल तर तीही कॅन्सरवाल्या डॉक्टरांना दाखवायला हवी. चिठ्ठीवर अबिरॅटेरोनऐवजी एन्झाल्युटामाइड असेल तर जेवणाचं बंधन नाही, पण पूर्वी कधी फिट आली होती का, रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू आहे का, हे सांगायलाच हवं. पिशवीच्या तळाशी हमखास एक बिनलेबलची काढ्याची बाटली निघते. ‘ते आयुर्वेदिक आहे, त्याचं काय सांगायचं?’ लिव्हरला आयुर्वेदिक-अॅलोपॅथिक कळत नाही, काका.

एकदा एक काकू दुकानातच डबी उघडून गोळ्या सुनेच्या तळहातावर मोजायला लागल्या. सून सात महिन्यांची गरोदर. मी काउंटरवरूनच ओरडले. वरचं आवरण नसलेल्या या गोळ्या गरोदर बाईने हातमोज्यांशिवाय हाताळायच्या नाहीत. पोटातल्या बाळाला अपाय होऊ शकतो. काकूंनी डबी घाईघाईने पदरात लपवली.

हार्मोन उतरलं की हाडं विरळ होतात, स्नायू झडतात, साखर आणि कोलेस्टेरॉल चढतं. हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि रोज थोडं वजन उचलण्याचा व्यायाम, हे औषधाइतकंच मनावर घ्या. हाडांसाठी झोलेड्रोनिक अॅसिड सुरू होणार असेल तर दात काढायचं काम आधी उरका, नाहीतर जबड्याचं हाड चिघळू शकतं. पीएसए शून्याजवळ आला म्हणजे आजार गेला असं नाही, तो दबलेला असतो. इंजेक्शनची तारीख कालनिर्णयवर आजच लिहा, हंगाम असो की लग्न.

परवा मुलगा रिक्षा बघायला गेला तेवढ्यात एक मास्तर पुढे सरकले. हळूच म्हणाले, अंगातून वाफा निघतात, रात्री बनियन भिजतो, स्तनं हुळहुळतात, आणि… बाकीचंही काही राहिलं नाही. मी म्हटलं, हे सगळं औषधाचंच आहे, यावर उपाय आहेत, डॉक्टरांना एवढंच वाक्य सांगा. ‘घरी सांगू का?’ काकूंनी केव्हाच ओळखलं असेल, मी म्हणाले. त्यावर ते पहिल्यांदा हसले आणि खिशातून कागद काढून डॉक्टरांना सांगायच्या गोष्टी लिहायला पेन मागितलं.