देवघेवीच्या टेबलावर एचटीएमएल

कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड विद्यापीठाकडून चालवली जाणारी 'स्लॅक' नावाची कणभौतिकीची प्रयोगशाळा आहे. 1991 साली तिथल्या ग्रंथालयाकडे एक उत्तम गोष्ट होती आणि ती वाचकांपर्यंत पोचत नव्हती. भौतिकशास्त्रज्ञ आपले शोधनिबंध छापून येण्याआधीच एकमेकांना पाठवत. त्या निबंधांची 'स्पायर्स' नावाची संगणकीय सूची ग्रंथालयाने वर्षानुवर्षं निगुतीनं सांभाळली होती. पण ती होती एका मेनफ्रेम संगणकावर. तिच्यात शोध घ्यायचा तर त्या संगणकावर खातं हवं, नाहीतर ठरावीक साच्यातली आज्ञा ईमेलने पाठवून उत्तराची वाट बघत बसायचं. त्या सप्टेंबरात स्लॅकचे शास्त्रज्ञ पॉल कुन्झ जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या प्रयोगशाळेत गेले असताना टिम बर्नर्स-ली यांनी त्यांना आपला नवा उद्योग दाखवला. त्याचं नाव वर्ल्ड वाइड वेब. कुन्झ परत आले आणि त्यांनी ही गोष्ट ग्रंथपाल लुईज ॲडिस यांच्या कानावर घातली. ॲडिसबाईंना तिचा उपयोग तिथल्या तिथे कळला आणि त्यांनी काम मागे लावून घेतलं. 12 डिसेंबर 1991 रोजी युरोपबाहेरचा पहिला वेब सर्व्हर सुरू झाला. त्याच्या पानावर मजकूर होता जेमतेम तीन ओळींचा. त्यात एक दुवा फोनच्या यादीकडे जाणारा, दुसरा ग्रंथालयाच्या सूचीकडे.

युरोपाबाहेर वेबचं पहिलं खरंखुरं काम ग्रंथालयाचं होतं, हे आज बऱ्याच ग्रंथपालांनाही ठाऊक नसतं. उलट 'इंटरनेट आणि वेबपान' या विषयाचं नाव काढलं की तालुक्याच्या वाचनालयात वीस-वीस वर्षं काम केलेली माणसं थोडी बिचकतात. हे आपलं काम नाही, संगणकवाल्या मुलाचं आहे, असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात शिकण्यातला अवघड अर्धा भाग त्यांच्या हातात आधीपासून असतो. नोंद कशी करायची, एका लेखकाची पुस्तकं एकत्र कशी येतील, वाचक नेमकं काय विचारतो हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. उरलेला भाग तंत्राचा, आणि तो चिकाटीनं जमतो.

तंत्राची सुरुवात पत्त्यापासून होते. सांगलीतल्या एखाद्या सभासदानं मोबाइलवर वाचनालयाच्या संकेतस्थळाचं नाव टाकलं, की त्याचा फोन आधी 'डीएनएस' नावाच्या व्यवस्थेला विचारतो, हे नाव कुठल्या आकड्यांचं? कारण नावं माणसांसाठी असतात, यंत्रांना आकडे लागतात. जुन्या पद्धतीचा आयपी पत्ता म्हणजे 0 ते 255 मधले चार आकडे. तो मिळाला की फोन त्या पत्त्यावरच्या सर्व्हरकडे पान मागतो आणि सर्व्हर ते लहान लहान पाकिटांत तोडून पाठवतो. वाटेत एखादं पाकीट हरवलं तर ते पुन्हा मागवलं जातं. सगळी पाकिटं आली की ब्राउझर ती जोडतो आणि पान दिसतं. पानच जागेवर नसेल तर सर्व्हर 404 हा आकडा पाठवतो. पुस्तक तालिकेत आहे पण फडताळात नाही, ही परिस्थिती ज्यानं रोज हाताळली आहे त्याला 404 समजावून सांगायला वेळ लागत नाही. पत्त्याचं नाव रोमनच हवं असंही आता नाही. 2014 पासून '.भारत' हे देवनागरी डोमेन उपलब्ध आहे.

आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं ते 15 ऑगस्ट 1995 रोजी, विदेश संचार निगमामार्फत. पण विद्यापीठांची ग्रंथालयं एकमेकांना जोडण्याचा विचार त्याआधीचा. विद्यापीठ अनुदान आयोगाने 1991 मध्ये सुरू केलेला 'इन्फ्लिबनेट' हा प्रकल्प आधी पुण्याच्या 'आयुका' या खगोलशास्त्र केंद्राच्या छत्राखाली होता. आज तो गांधीनगरला आहे आणि पीएच.डी.चे प्रबंध खुले ठेवणारं 'शोधगंगा' तोच चालवतो.

वेबपान ज्या खुणांनी बांधतात त्या एचटीएमएलची ख्याती अकारण कठीण झाली आहे. 1991 च्या सुमारास बर्नर्स-ली यांनी तिचं पहिलं वर्णन लिहिलं तेव्हा त्यात जेमतेम 18 खुणा होत्या. शीर्षकाची, परिच्छेदाची, यादीची, दुव्याची अशा. आजही वाचनालयाचं साधं पान त्यातल्या दहाएक खुणांवर उभं राहतं. नोटपॅड उघडायचा, 'नवीन पुस्तके' हे शब्द 'एच-वन' ही कोनी कंसातली खूण आणि तिची बंद खूण यांच्यामध्ये ठेवायचे, खाली यादीची खूण घालायची आणि प्रत्येक पुस्तकापुढे 'एल-आय' लिहायचं. फाइल साठवून ब्राउझरमध्ये उघडली की पान तयार. खूण बंद करायची विसरली तर काय होतं हेही तिथेच दिसतं. एखाद्या ओळीपासून पुढचं सगळं पान ठळक अक्षरात येतं आणि शिकणारा ती चूक सहसा दुसऱ्यांदा करत नाही. पुढे वर्डप्रेससारखी तयार साधनं वापरायची असली तरी हे एकदा हातानं केलेलं बरं. नाहीतर पान बिघडल्यावर कुठे बघायचं हेच कळत नाही.

शीर्षकाच्या खुणेचा उपयोग केवळ अक्षर मोठं दिसावं एवढाच नसतो. गूगलसारखं शोधयंत्र पानाचा विषय तिच्यावरून ओळखतं आणि अंध वाचकाचं स्क्रीनरीडर तिच्या आधारानं पानावर उड्या मारत जातं. अक्षर नुसतं ठळक आणि मोठं करून शीर्षकाचा भास निर्माण केला तर डोळस माणसाला फरक कळत नाही, या दोघांना मात्र कळतो. तीच गोष्ट चित्रांची. बदललेल्या वेळांची सूचना टाइप करून तिचा फोटो पानावर चढवला की ती फक्त पाहण्याची वस्तू होते. शोधात ती येत नाही, स्क्रीनरीडर ती वाचत नाही, फोनवर बोटानं ताणून बघावी लागते. चित्रामागे 'ऑल्ट' या नावानं त्याचं वर्णन लिहायची सोय वेबवर पहिल्या काही वर्षांपासून आहे, आणि मराठी संकेतस्थळांवर ती सर्रास रिकामी असते.

आता मराठी अक्षरांविषयी, कारण आपल्या ग्रंथालयांचं खरं घोडं तिथेच अडलेलं आहे.

नव्वदीच्या दशकात आणि त्यानंतरही बरीच वर्षं मराठी टंकन खास फाँटांत चाललं. या फाँटांची युक्ती अशी की संगणकाच्या लेखी अक्षर रोमनच राहायचं, फक्त पडद्यावर त्याचं चित्र देवनागरी दिसायचं. कृतिदेव फाँटात 'पुस्तक' हा शब्द टाइप केला तर संगणक प्रत्यक्षात साठवतो आय, क्यू, मोठा एल, आर आणि डी. फाँट असलेल्या यंत्रावर सगळं झकास दिसतं. तीच यादी वेबवर चढवली आणि वाचकाच्या फोनमध्ये तो फाँट नसला, की समोर रोमन अक्षरांचा निव्वळ चिवडा येतो. त्याहून वाईट म्हणजे शोध. गूगलमध्ये कुणीही 'पुस्तक' असंच लिहिणार, त्याला ती यादी कधीच सापडणार नाही. अनुक्रमही कोलमडतो. ऱ्हस्व वेलांटी डाव्या बाजूला दिसते म्हणून या फाँटांत ती अक्षराच्या आधी साठवली जाते. परिणामी 'किनारा', 'विहीर' आणि 'हिमालय' ही तीन शीर्षकं अकारविल्हे लावल्यावर शेजारी शेजारी येऊन बसतात.

युनिकोड या जागतिक अक्षरसंकेत पद्धतीनं हा गोंधळ मुळापासून मिटवला. त्यात देवनागरीला 128 जागांचा स्वतःचा पट्टा आहे आणि 'प' हा जगातल्या कुठल्याही यंत्रावर 'प'च असतो. तरीही मराठीचे म्हणून काही काटे उरतात. 'दुसऱ्या' या शब्दातला ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकीत खालच्या टिंबाचा ऱ वापरतात, दुसरीत साधा र आणि त्याच्या हलन्तानंतर एक अदृश्य जोडखूण. डोळ्याला दोन्ही सारखे, यंत्राला वेगळे. 'ॲ' हे अखंड अक्षर तर युनिकोडमध्ये 2008 साली आलं. त्याआधीच्या नोंदींत 'अ'वर चंद्र देऊन काम भागवलेलं आहे आणि आजही अनेक कळफलकांवर तसंच होतं. एकाच वाचनालयात एका सहायकानं 'ॲटलास' एका तऱ्हेनं आणि दुसऱ्यानं दुसऱ्या तऱ्हेनं नोंदवला, तर शोधणाऱ्याला अर्धेच ॲटलास सापडण्याचा धोका असतो. यावर उपाय एकच, सगळ्यांनी एक कळफलक आणि एक पद्धत ठरवून घ्यायची आणि ती लिहून ठेवायची. पानाच्या माथ्यावर भाषेची खूण 'मराठी' अशी द्यायलाही विसरू नये. काही फाँट त्या खुणेवरून ल आणि श यांची मराठी वळणं निवडतात, तिच्याविना हिंदी वळणं दिसतात.

नावांचा प्रश्न युनिकोड सोडवत नाही, तो ग्रंथपालालाच सोडवावा लागतो. 'पु. ल. देशपांडे', मधली जागा गाळलेले 'पु.ल. देशपांडे', 'देशपांडे, पु. ल.' आणि 'देशपांडे, पुरुषोत्तम लक्ष्मण' हे कच्च्या यादीत चार लेखक ठरू शकतात. वि. वा. शिरवाडकर आणि कुसुमाग्रज हे एकच, हे शाळकरी मुलाला माहीत असतं, सूचीला सांगावं लागतं. शंकर गणेश दाते यांनी 1800 ते 1937 आणि 1938 ते 1950 या काळांतल्या मराठी ग्रंथांची सूची केली ती संगणकाशिवाय, आणि टोपणनावांची अशी कोडी त्यांना एकेक करून सोडवावी लागली असणार. वेबवरची सूची करणाऱ्यानं दात्यांचे ते खंड चाळावेत. शिकवणी वर्गात मिळणार नाही अशी शिस्त त्यांत आहे.

नोंदींची ही शिस्त वेबवर आणण्याचे प्रयत्न वेबच्या बालपणीच सुरू झाले. 1995 मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात डब्लिन या गावी ग्रंथपाल आणि संगणकतज्ज्ञ एकत्र बसले. लेखक, शीर्षक, विषय, प्रकाशक, दिनांक अशा घटकांचा जो साधा संच त्यातून पुढे आला त्याला 'डब्लिन कोअर' म्हणतात. त्याचे मूळ घटक 15. तालिकापत्र भरलेल्या माणसाला ते पाहुण्यासारखे वाटत नाहीत.

पुढची पायरी म्हणजे सबंध तालिकाच वेबवर असणं. न्यूझीलंडमध्ये होरोव्हेनुआ नावाच्या भागातल्या सार्वजनिक ग्रंथालयांची जुनी संगणकप्रणाली 2000 साल उजाडल्यावर चालणार नव्हती. विकतची महागडी प्रणाली घेण्याऐवजी त्यांनी एका स्थानिक कंपनीकडून ब्राउझरमध्ये चालणारी नवी प्रणाली लिहून घेतली आणि तिची मूळ आज्ञावली सगळ्यांसाठी खुली केली. जानेवारी 2000 मध्ये सुरू झालेली ती प्रणाली म्हणजे 'कोहा'. भारतातली कितीतरी महाविद्यालयीन ग्रंथालयं आज तीच वापरतात. लहान गावातल्या वाचनालयांनी जगाला दिलेली ही वस्तू फुकट असली, तरी ती बसवायला आणि सांभाळायला जाणतं माणूस लागतं, हे मात्र आधीच ओळखावं.

कोहात प्रत्येक पुस्तकाच्या नोंदीला स्वतःचा क्रमांक आणि त्यावरून स्वतःचा वेबपत्ता मिळतो. कुणी लेखात, कुणी व्हॉट्सॲपवर तो पत्ता देतं. म्हणून पत्ते बदलू नयेत, असा आग्रह खुद्द बर्नर्स-ली यांनी 1998 मध्ये धरला होता. संकेतस्थळ नव्यानं रंगवताना जुने पत्ते मोडणं म्हणजे फडताळावरच्या सगळ्या पुस्तकांचे वर्गांक एका रात्रीत पुसण्यासारखं आहे.

महाराष्ट्रात 1967 च्या कायद्यानुसार मान्यता मिळालेली सार्वजनिक ग्रंथालयं अ, ब, क, ड अशा वर्गांत आहेत आणि त्यांची संख्या हजारोंच्या घरात जाते. ज्यांना स्वतःचं वेबपान आहे त्यांतल्या अनेकांची घडण मात्र संस्थेच्या स्मरणिकेसारखी असते. वर दीपप्रज्वलनाची सरकती छायाचित्रं, खाली अध्यक्षांचं मनोगत, मग कार्यकारिणी, मग वार्षिक अहवालाची स्कॅन केलेली पीडीएफ. सभासदाला हवं असतं ते भलतंच. आज वाचनालय उघडं आहे का? साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी? वर्गणी किती, अनामत किती? दिवाळी अंक आले का? अमुक पुस्तक आहे का, आणि असलं तर कुणाकडे गेलंय? देवघेवीच्या टेबलाशी बसणाऱ्यानं आठवडाभर फोनवरचे प्रश्न वहीत टिपले तर पहिल्या पानाचा आराखडा आयताच मिळतो. वाचकाचा वेळ वाचवा, हे डॉ. एस. आर. रंगनाथन यांचं चौथं सूत्र 1931 चं आहे. मोबाइलच्या लहानशा पडद्यावर ते जितकं कडक लागू पडतं तितकं फडताळांच्या खोलीतही पडत नसेल.

अध्यक्षांच्या मनोगताला जागा नाही असं नाही. ती आत कुठेतरी असावी.

पडद्याचा विचार यादी मांडतानाही करावा लागतो. दाखल नोंदवहीचे रकाने जसेच्या तसे तक्त्यात उतरवले तर संगणकावर नीट दिसतात, फोनवर मात्र शेवटचे रकाने पडद्याबाहेर जातात आणि नेमका 'उपलब्ध' हा रकाना शेवटी असतो. लेखक, शीर्षक आणि उपलब्धता एवढं समोर ठेवून किंमत, पानं, दाखल क्रमांक हे दुव्यामागे ठेवलेलं बरं. पान तयार झालं की ते कार्यालयातल्या नव्या संगणकावर नव्हे, सगळ्यात जुन्या फोनवर, मंद नेटवर्कवर उघडून बघावं.

शिकण्याच्या वाटा आता पुष्कळ आहेत. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा ग्रंथालय स्वयंचलन आणि नेटवर्किंगचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आहे, ग्रंथालयशास्त्राच्या पदवीतही हे विषय असतात आणि वेबवर विनाशुल्क धडे आहेतच. अडतं ते शिकून आल्यानंतर. पान तयार करणारा उत्साही स्वयंसेवक नोकरीसाठी पुण्याला जातो, डोमेन त्याच्या खासगी ईमेलवर नोंदवलेलं असतं आणि वर्षाच्या मुदतीची आठवण देणारं पत्र त्याच्या इनबॉक्समध्ये पडून राहतं. मुदत उलटून काही काळ गेला की नाव बाजारात जातं आणि कुणीही ते विकत घेऊ शकतं. म्हणून डोमेन संस्थेच्या ईमेलवर असावं, पासवर्ड ग्रंथपाल आणि कार्यवाह या दोघांपाशी असावेत, नव्या कार्यकारिणीकडे कारभार देताना कपाटाच्या किल्ल्यांबरोबर तेही द्यावेत, आणि वार्षिक अंदाजपत्रकात वीजबिलाच्या खाली डोमेन व होस्टिंगच्या खर्चाची स्वतंत्र ओळ असावी.