एकोणीस वर्षांचे मौन : दक्षिण कोरियाच्या हवामान-निकालाची हकीकत

परदेशी न्यायालयांची निकालपत्रे वाचण्याचा नाद मला फार वर्षांपासून आहे. कारण एखादे राष्ट्र जगाच्या व्यासपीठावर स्वतःविषयी जे बोलते आणि स्वतःच्याच न्यायासनासमोर त्याचे सरकारी वकील जी कैफियत मांडतात, त्या दोहोंमधील अंतरातच त्या राष्ट्राची खरी हकीकत सापडते, अशी माझी धारणा आहे. दक्षिण कोरियाच्या संविधान न्यायालयाने २९ ऑगस्ट २०२४ रोजी हवामानविषयक कायद्यासंबंधी जो निकाल दिला, आणि आशियातील त्या प्रकारचा पहिला निकाल म्हणून ज्याची वार्ता जगभर पसरली, तो मी वाचावयास घेतला तो ह्याच नादापायी. परंतु त्याचा उगम शोधीत मागे जाताना मी ज्या दस्तऐवजापाशी येऊन थबकलो, त्याचा कोळशाशी, पोलादाशी वा हवामानाशी कसलाही संबंध नव्हता. तो होता निवडणुकीतील कर्ण्यांविरुद्ध एका नागरिकाने केलेला अर्ज.

जून २०१८ मध्ये कोरियात स्थानिक निवडणुका झाल्या. प्रचारगाड्यांवरील कर्ण्यांनी वस्तीतील माणसांचे जिणे कसे नकोसे होते, हे मराठी वाचकाला विस्ताराने सांगावयास नको. त्या देशाच्या निवडणूक कायद्यात कर्णे किती असावेत आणि ते कोणत्या वेळी वाजवावेत ह्यांविषयी तरतुदी होत्या. आवाज किती असावा ह्याविषयी मात्र एक अक्षरही नव्हते. अर्जदाराचे गाऱ्हाणे नेमके ह्या मौनाविषयी होते. २००८ साली अशीच तक्रार ह्याच न्यायालयाने फेटाळली होती. पण २७ डिसेंबर २०१९ रोजी त्याने आपले पूर्वीचे मत बाजूस सारले. आरोग्यपूर्ण व प्रसन्न पर्यावरणात जगण्याचा हक्क कोरियन संविधानाच्या ३५व्या अनुच्छेदाने नागरिकांना स्पष्ट शब्दांत दिला असल्यामुळे, त्या हक्काचे निदान किमान संरक्षण करणारी तरतूद करणे हे विधिमंडळाचे कर्तव्य ठरते, आणि कायद्याने जेथे आकडा लिहावयास हवा होता तेथे तो न लिहिणे हादेखील संविधानाचा भंग होऊ शकतो, असा निर्वाळा न्यायासनाने दिला. ह्या क्षुल्लक भासणाऱ्या निकालात पुढच्या महान निकालाचे बीज आहे, असे मी निःशंकपणे म्हणतो.

अडीच महिन्यांनी, १३ मार्च २०२० रोजी, १९ किशोरवयीन अर्जदार त्याच न्यायालयाच्या दारी गेले. त्यांचा रोख प्रथम २०१० च्या हरित विकास कायद्यावर होता. राष्ट्राध्यक्ष ली म्युंग-बाक ह्यांच्या कारकीर्दीतील त्या कायद्याचा गाजावाजा पुष्कळ झाला होता. काहीच उपाय न केल्यास २०२० साली जे उत्सर्जन झाले असते, त्यात ३० टक्के कपात करण्याचे उद्दिष्ट सरकारने जगासमोर जाहीर केले होते. परंतु ते मूळ कायद्यात न लिहिता अंमलबजावणीच्या नियमावलीत लिहिले होते. नियमावली बदलण्यास संसदेची मंजुरी लागत नाही. २०१६ साली, मुदत संपण्यास चार वर्षे असतानाच, ते उद्दिष्ट नियमावलीतून काढून टाकण्यात आले आणि त्याच्या जागी २०३० चे उद्दिष्ट आले. उत्सर्जन तर २०१८ पर्यंत चढतच गेले. ज्या वचनाला सरकारी दफ्तरातील एका दुरुस्तीने नाहीसे करता येते, त्या वचनाच्या भरवशावर आपले आयुष्य कसे काढावे, हा त्या मुलांचा प्रश्न होता, आणि तो सर्वथैव न्याय्य होता.

मधल्या काळात नवा कायदा आला. ऑगस्ट २०२१ मध्ये संमत झालेल्या आणि मार्च २०२२ पासून अमलात आलेल्या ह्या कार्बन-तटस्थता कायद्याच्या आठव्या कलमात, २०३० पर्यंत २०१८ च्या तुलनेने किमान ३५ टक्के कपात करावी असे लिहिले गेले. नियमावलीने तो आकडा ४० टक्क्यांवर नेला. आणि २०५० साली उत्सर्जनाचा ताळेबंद शून्यावर आणण्याचे ध्येय ठरले. २०३१ ते २०४९ ह्या १९ वर्षांविषयी कायदा मूक होता. त्यामुळे अर्जांची संख्या वाढत गेली. जून २०२२ मध्ये ६२ बालकांच्या नावे अर्ज आला. त्यांत बहुतेक पाच वर्षांखालील होती, आणि एक तर अद्याप मातेच्या उदरात, वीस आठवड्यांचे होते. घरच्यांनी त्याला ‘सुतारपक्षी’ असे लाडके नाव दिले होते. शेवटी चार अर्ज एकत्र करण्यात आले, आणि २३ एप्रिल व २१ मे २०२४ रोजी जाहीर सुनावणी झाली. दुसऱ्या सुनावणीत सहावीत शिकणारी एक मुलगी न्यायाधीशांसमोर उभी राहून बोलली. सरकारपक्षाचे म्हणणे असे की, कोरियाच्या अर्थव्यवस्थेत कारखानदारीचा वाटा मोठा असल्याने कपातीचा वेग बेताचाच ठेवणे प्राप्त आहे, आणि उद्दिष्ट म्हणजे धोरण. त्यामुळे कोणाच्या मूलभूत हक्कावर प्रत्यक्ष आघात होत नाही.

ह्या कैफियतीची पारख करावयाची तर सरकारनेच एप्रिल २०२३ मध्ये मंजूर केलेला आराखडा उलगडून पाहावा. त्यातील वर्षवार तक्ता हा ह्या साऱ्या प्रकरणातील सर्वांत बोलका कागद आहे. २०२३ साली ६३.३९ कोटी टन, २०२७ साली ५८.५० कोटी, २०२९ साली ५२.९५ कोटी आणि २०३० साली एकदम ४३.६६ कोटी! म्हणजे २०२३ पासूनच्या एकूण कपातीपैकी तीन-चतुर्थांश कपात अखेरच्या तीन वर्षांवर ढकललेली, आणि त्यांतही शेवटच्या एकट्या वर्षात नऊ कोटी टनांहून अधिक. आराखडा करणाऱ्या राष्ट्राध्यक्षांची एकमेव पाच वर्षांची मुदत २०२७ मध्येच संपावयाची होती, हे ध्यानी घेतले म्हणजे ह्या उतरणीचा आकार कोणाच्या सोयीचा आहे ते कळून येते. नातवाच्या नावे मुद्दल लिहून स्वतः केवळ व्याजाचा वायदा करणाऱ्या कुळासारखाच हा व्यवहार आहे. उद्योगक्षेत्राची कपात तर ह्याच आराखड्यात १४.५ टक्क्यांवरून ११.४ टक्क्यांवर आणली गेली.

आणखी एक मखलाशी होती. २०१८ चे ७२.७६ कोटी टन हे एकूण उत्सर्जन; २०३० चे ४३.६६ कोटी टन मात्र वने इत्यादींनी शोषलेले वजा करून उरलेले निव्वळ उत्सर्जन. पहिल्या वर्षी वजाबाकी न करता आणि शेवटच्या वर्षी ती करून ४० टक्क्यांचा आकडा साधला होता. दोन्ही वर्षांसाठी एकच रीत वापरून निव्वळाशी निव्वळ ताडले, तर २०१८ चा आकडा ६८.६३ कोटी होतो आणि कपात सुमारे ३६ टक्क्यांवर येते.

निकालाच्या दिवशी न्यायासनाने दोन निरनिराळी उत्तरे दिली. १९ वर्षांच्या मौनाविषयी नऊही न्यायाधीशांचे एकमत झाले. २०३१ नंतरच्या कपातीचे कोणतेही परिमाण कायद्यात न लिहिल्याने भविष्यावर अतोनात भार लोटला जातो. ज्यांना त्या भाराची झळ अधिक बसणार, त्या पुढच्या पिढ्यांना आजच्या लोकशाही प्रक्रियेत पुरेसा सहभाग नसतो. म्हणून दीर्घकालीन मार्ग नियमावलीवर न सोडता विधिमंडळाने स्वतःच कायद्यात आखून दिला पाहिजे, असे त्यांनी ठरविले. आठव्या कलमाचे पहिले उपकलम संविधानाशी विसंगत ठरले. ते तत्काळ रद्द न करता दुरुस्तीसाठी २८ फेब्रुवारी २०२६ ही मुदत घालून देण्यात आली. दुसरे उत्तर आराखड्याविषयीचे. तेथे मोजणीच्या दुटप्पी रीतीमुळे तो संविधानविरोधी ठरतो असे पाच न्यायाधीशांचे मत पडले आणि चौघांचे विरुद्ध. कोरियन संविधानानुसार अशा निर्णयास नऊपैकी सहा मते लागतात. एका मताच्या उणिवेने आराखडा वाचला, आणि ४० टक्क्यांचे उद्दिष्टही टिकले.

ह्या दुसऱ्या उत्तराची मला खंत वाटते. मौनाला दोष देणे तुलनेने सोपे असते. लिहिलेल्या आकड्यातील खोट उघड करून ती अमान्य करणे अवघड, आणि लोकांना खरी गरज असते ती त्याचीच. जर्मनीच्या संविधान न्यायालयानेही २०२१ साली २०३० पर्यंतचे उद्दिष्ट कायम ठेवून त्यापुढील मौनच दोषी ठरविले होते. नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र डिसेंबर २०१९ मध्ये २०२० अखेरपर्यंत २५ टक्के कपातीचा आकडाच सरकारवर बंधनकारक केला होता.

उद्योगाला सांभाळून घेण्याची सरकारची भूमिकाही फार काळ टिकणारी नाही. कोरियाने २०१५ पासून उत्सर्जन परवान्यांचा बाजार चालविला खरा. परंतु निर्यातीवर अवलंबून असलेल्या पोलादासारख्या उद्योगांना परवाने फुकट मिळत राहिले. उलट युरोपीय संघाने पोलाद, सिमेंट, अल्युमिनियम आदी आयात मालावर कार्बनचा सीमाकर बसविण्याचे ठरवून ऑक्टोबर २०२३ पासून माहिती घेण्यास आरंभ केला आणि प्रत्यक्ष आकारणीसाठी २०२६ चा जानेवारी मुक्रर केला. सोलच्या तिजोरीत जी रक्कम भरावयाची टाळली, ती युरोपच्या नाक्यावर भरावी लागणार. फरक एवढाच की तिच्यातून पोस्को ह्या कोरियन कंपनीच्या पोहांग येथील पोलादभट्ट्या सुधारणार नाहीत. रायगड जिल्ह्यातील विळे-भागाड येथे त्याच पोस्को कंपनीचा पोलादी पत्र्याचा कारखाना आहे, आणि भारतीय पोलादालाही हाच सीमाकर लागू आहे. तेव्हा ही गोष्ट आपल्याला परकी नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०२४ रोजी, माळढोकाच्या रक्षणासंबंधीच्या प्रकरणात, हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क संविधानाच्या १४व्या व २१व्या अनुच्छेदांतून उद्घोषित केला. परंतु ज्या कायद्यातील कलमावर बोट ठेवून अर्जदाराने उभे राहावे, असा कायदा आपल्याकडे नाही. कोरियातील मुलांजवळ निदान दोष दाखविण्याजोगे एक कलम होते.

आता त्या कर्ण्यांच्या निकालाचे पुढे काय झाले ते सांगितले पाहिजे. न्यायालयाच्या आज्ञेनुसार कोरियाच्या संसदेने कायदा दुरुस्त केला आणि २०२२ पासून आवाजाची मर्यादा लिहिली गेली : प्रचारगाडीवरील कर्ण्यासाठी १२७ डेसिबल, आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या वा प्रांतप्रमुखपदाच्या उमेदवारासाठी १५० डेसिबल. कानठळ्या बसविणाऱ्या आवाजाला अशा रीतीने कायद्याची मान्यता मिळाली. न्यायालयाने आकडा मागितला होता. तो त्याला मिळाला, वस्तीला शांतता मिळाली नाही.

हवामानाच्या कायद्यातील रिकाम्या जागेत जो आकडा भरला जाईल, त्याचीही कसोटी हीच आहे. तो कोठून कोठवर मोजला, एकूण की निव्वळ, आणि त्याचा भार कोणत्या वर्षांवर ठेवला, हे नागरिकांनी तक्ता हाती घेऊन, वर्षावर्षाची बाकी स्वतः मांडून तपासले पाहिजे. मौन मोडण्याची आज्ञा न्यायासन देऊ शकते. खरे बोलण्याची जबाबदारी संसदेची आहे, आणि ते वदवून घेण्याची मतदारांची. ‘सुतारपक्षी’ मतदानाच्या वयाचा होईल तेव्हा २०४० साल सरत आलेले असेल, आणि तोवर त्याच्या वाट्याचा हिशेब मोठ्या माणसांनीच मांडावयाचा आहे.