काडतुसाची निवड : नेमबाजीतील काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

दिनांक 1 ऑगस्ट 2024 रोजी फ्रान्समधील शातोरू येथे राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 50 मीटर रायफल थ्री पोझिशन या प्रकारात 451.4 गुणांची नोंद करून ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळविले, तेव्हा कोल्हापुरात जो आनंदोत्सव झाला तो सर्वस्वी रास्तच होता. परंतु त्या आनंदाच्या भरात चौकाचौकांतून जी चर्चा रंगली तिच्यात रायफल आणि काडतूस यांविषयीच्या इतक्या भ्रामक समजुती ऐकू आल्या की, या विषयाचा थोडा खुलासा करणे अगत्याचे वाटते. तत्पूर्वी 2010 साली म्युनिक येथे कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत यांनी 50 मीटर प्रोन प्रकारात 600 पैकी 597 गुण मिळवून विश्वविजेतेपद संपादन केले होते, म्हणजे हा विषय कोल्हापूरकरांना नवा नाही. तरीही या पदकांमागचे काडतूस केवढे असते असे विचारले, तर बहुतेकांचे हात मापाच्या बाबतीत फार उदार होतात.

वस्तुस्थिती अशी की, ते काडतूस करंगळीच्या दोन पेरांएवढेही भरत नाही. त्याला .22 लाँग रायफल म्हणतात; गोळीचा व्यास सुमारे 5.6 मिलिमीटर, वजन 40 ग्रेन म्हणजे जेमतेम 2.6 ग्रॅम, आणि गोळी निव्वळ शिशाची, वर मेणचट वंगणाचा पातळ थर दिलेली. मोठे काडतूस म्हणजे अधिक अचूक काडतूस हा समज माझ्या मते शिकारीच्या आठवणींतून आलेला आहे. दाजीपूरचे जे अरण्य एके काळी कोल्हापूर दरबारचे शिकारीचे रान होते आणि आज गव्यांचे अभयारण्य आहे, त्याच्या कथा ऐकत वाढलेल्या माणसाच्या मनात रायफलची थोरवी जनावर लोळविण्याच्या सामर्थ्यावरच ठरावी, हे स्वाभाविक आहे. परंतु लक्ष्यपत्राला लोळवायचे नसते. त्यावरील दहा गुणांचे वर्तुळ अवघ्या 10.4 मिलिमीटर व्यासाचे असते, आणि त्यात गोळीमागून गोळी बसवावयाची असेल तर खांद्याला बसणारा धक्का जितका कमी तितका नेमबाजाचा देह स्थिर आणि मन निश्चिंत राहते.

दुसरा समज अधिक चिवट आहे, कारण तो वरकरणी तर्कशुद्ध दिसतो : गोळी जितकी वेगवान, तितका वाऱ्याला तिला ढकलण्यास वेळ कमी, म्हणून वेगवान काडतूसच घ्यावे. या युक्तिवादातील खोट अशी की, गोळी वाऱ्याने किती सरकेल हे तिच्या प्रवासाच्या एकूण काळावर अवलंबून नसून, हवेच्या विरोधामुळे तिला जो विलंब होतो त्या विलंबावर अवलंबून असते. निर्वात प्रदेशात ती जितक्या वेळात पोहोचली असती त्याहून प्रत्यक्षात जितका अधिक वेळ लागला, तेवढ्यापुरताच वारा तिचा हिशेब करतो. आता ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 340 मीटर. त्याच्या आसपास आणि वर हवेचा विरोध एकाएकी वाढतो. स्पर्धेचे .22 काडतूस मुद्दामच सेकंदाला 320 ते 330 मीटर एवढ्या, म्हणजे ध्वनीच्या आतल्या, वेगाचे बनवितात. बाजारात मिळणारे 380 मीटर वेगाचे काडतूस लक्ष्यावर आधी पोहोचते खरे, परंतु वाटेत वेग अधिक गमावते, अधिक विलंब सोसते आणि परिणामी वाऱ्याने अधिक भरकटते. आडवा वारा सेकंदाला 3 मीटरचा असेल तर ढोबळ हिशेबाने संथ गोळी 50 मीटरवर सुमारे 2 सेंटिमीटर सरकते. वेगवान गोळी त्याहून जवळजवळ दीडपट. दोन सेंटिमीटरदेखील थोडे नव्हेत. तेवढ्यानेच दहाचा नेम आठावर जातो, आणि म्हणूनच नेमबाज बंदुकीच्या आधी रेंजवरील वाऱ्याच्या निशाण्या न्याहाळतो.

गोळी सरळ रेषेत जाते हा तिसरा भ्रम. नळीतून सुटताक्षणीच ती पडू लागते, आणि 50 मीटरच्या त्या सुमारे 0.16 सेकंदांच्या प्रवासात नळीच्या रेषेखाली जवळजवळ 12 सेंटिमीटर उतरते. साइट त्याप्रमाणे बसविलेली असते म्हणून हे जाणवत नाही, इतकेच. येथेच काडतुसाच्या निवडीचे मर्म आहे. घसरण 12 सेंटिमीटर असो की 20, साइटला त्याचे सोयरसुतक नाही. मात्र प्रत्येक गोळीची घसरण सारखी हवी. दोन काडतुसांच्या वेगांत सेकंदाला केवळ 10 मीटरची तफावत पडली, तर त्यांच्या घसरणीत 7 ते 8 मिलिमीटरचे अंतर पडते, आणि 10.4 मिलिमीटरच्या वर्तुळात तेवढ्याला जागा आहे कोठे? काडतुसात दारू भरलेली असते ती मोठ्या चिमटीएवढीही नव्हे, आणि ठिणगी देणारे रसायन बुडाच्या कडेच्या पोकळीत पसरलेले असते; ते कडेभर समप्रमाणात पसरले की नाही, यावर सगळी मदार. शिवाय कडेवर आघात होऊन उडणारे हे काडतूस पुन्हा भरता येत नाही, म्हणून मोठ्या काडतुसांचे शौकीन घरी स्वतः दारू तोलून जी काटेकोर तजवीज करतात ती येथे संभवतच नाही. कारखान्याने दिले ते घेणे भाग.

दूरच्या पल्ल्याविषयी थोडे. 300 मीटर रायफल हा प्रकार 1972 नंतर ऑलिंपिकमध्ये नाही, पण नेमबाजीच्या जागतिक संघटनेच्या नियमांत आहे. तेथे 8 मिलिमीटरपर्यंतचा बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, चालतो. असे असूनही आज तेथे मातब्बर नेमबाज बहुधा 6 मिलिमीटरचे, सुमारे 6.8 ग्रॅम गोळीचे काडतूस पसंत करतात, आणि लष्करी 7.62 मागे पडले आहे, कारण लांबट, निमुळती गोळी हवेत वेग राखते आणि धक्काही कमी देते. गंमत अशी की, तेथील दहाचे वर्तुळ 100 मिलिमीटरचे असते. 50 मीटरचे वर्तुळ त्याच प्रमाणात वाढविले असते तर ते 62 मिलिमीटरच झाले असते. म्हणजे पल्ला लांब म्हणून लक्ष्य प्रमाणाने लहान, हाही समज खोटा. तेथे अवघड असतो तो वारा. आपल्याकडील परवानाधारकांजवळ सर्रास आढळणारी .315 रायफल या कामाची नव्हे : .303 आणि 7.62 हे लष्करी बोअर 1959 च्या शस्त्र अधिनियमान्वये नागरिकांना प्रतिबंधित असल्यामुळे तिचा एवढा प्रसार झाला, आणि तिचे बोथट नाकाच्या जड गोळीचे काडतूस जवळच्या पल्ल्यासाठी आहे.

राहता राहिला तो महागड्या नाममुद्रेवरील विश्वास. इंग्लंडचे एली, फिनलंडचे लापुआ, जर्मनीचे आरडब्ल्यूएस यांची उत्तम काडतुसे खरोखरच उत्तम असतात. परंतु एकाच नावाच्या, एकाच किमतीच्या दोन लॉटांपैकी, म्हणजे एका खेपेस बनविलेल्या काडतुसांच्या दोन संचांपैकी, एक एखाद्या नळीतून गोळ्यांचा सुरेख गट देतो आणि दुसरा विखुरतो, तर शेजारच्या नेमबाजाच्या नळीत नेमके उलट घडते. याचे कारण कारखान्याची हलगर्जी नव्हे. प्रत्येक नळीचा कंप आणि आतल्या खाचांची घडण निराळी असते. म्हणून बर्मिंगहॅमला एलीच्या आणि शोनेबेकला लापुआच्या चाचणी केंद्रात नेमबाजाची रायफल शिकंज्यात पक्की आवळून, माणसाचा हात पूर्णपणे बाजूला ठेवून, एकामागून एक लॉट 50 मीटरवर झाडून पाहतात आणि गटाचा व्यास मोजतात. लॉट बदलताना आधीच्या काडतुसाचे वंगण नळीत उरलेले असते, त्यामुळे नव्या लॉटच्या पहिल्या काही गोळ्या हिशेबात धरत नाहीत. असा एखादा लॉट मनासारखा निघाला की जाणता नेमबाज परवान्यावरील मर्यादेत बसेल तेवढा साठा एकदमच उचलतो, डबीवरील क्रमांक वहीत टिपून ठेवतो आणि सरावासाठी दुसरा, हलका लॉट वापरतो. कारण तो क्रमांक संपला की कारखाना तसाच दुसरा बनवून देऊ शकत नाही.