पांढरा मेद तपकिरी कसा होतो?

शरीरातील मेद म्हणजे केवळ ऊर्जेचा साठा, ही समजूत आता मागे पडली आहे. पांढरा मेद अन्नातील जादा ऊर्जा साठवतो, तर तपकिरी मेद ती खर्चून उष्णता निर्माण करतो. नवजात बालकांना थंडीपासून वाचवणारा हा तपकिरी मेद मोठेपणी जवळजवळ नाहीसा होतो, असे पूर्वी मानले जात असे. मात्र २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तीन स्वतंत्र अभ्यासांनी अनेक प्रौढांच्या मानेत व गळ्याच्या हाडांभोवती तो कार्यरत असल्याचे दाखवून दिले.

या उष्णतेचे मूळ पेशींतील तंतुकणिकांमध्ये आहे. धरणाच्या पाण्यावर जनित्र फिरावे, त्याप्रमाणे तेथे प्रोटॉनांच्या प्रवाहावर पेशीसाठी वापरण्याजोगी ऊर्जा तयार होते. यूसीपी-१ हे प्रथिन या प्रवाहाला दुसरे दार उघडून देते. जनित्र टाळून प्रवाह वाहतो आणि ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते.

थंडी जाणवताच मेंदूच्या आदेशावरून चेतातंतू मेद ऊतीत नॉरअ‍ॅड्रेनलिन सोडतात. पेशींवरील बीटा ग्राहींमार्फत हा संदेश आत पोहोचतो. साठलेल्या मेदाचे विघटन होऊन इंधन मिळते आणि त्याच वेळी यूसीपी-१ चे जनुक जागे होते. या जनुकावर दोन प्रथिनांचे नियंत्रण असते. पीजीसी-१ आल्फा तंतुकणिकांची संख्या वाढवते, तर पीआरडीएम-१६ पेशीला तपकिरी स्वरूप देते. अमेरिकेतील डॅना-फार्बर कर्करोग संस्थेचे ब्रूस स्पिगेलमन यांच्या गटाने अनुक्रमे १९९८ व २००७ मध्ये त्यांचे कार्य उलगडले. पांढऱ्या मेदात अशा रीतीने उष्णता निर्माण करू लागणाऱ्या पेशींना 'बेज' पेशी म्हणतात. थंडी ओसरल्यावर त्या पुन्हा पांढऱ्या होऊ शकतात, असे उंदरांवरील प्रयोगांत आढळले आहे.

भारतीयांसाठी हा विषय महत्त्वाचा आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. नेदरलँड्समधील लायडन येथे २०१४ च्या एका अभ्यासात दक्षिण आशियाई वंशाच्या सडपातळ तरुणांमध्ये तपकिरी मेद गौरवर्णीय तरुणांच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळला. हा अभ्यास अवघ्या २४ जणांचा असल्याने त्यावरून ठाम निष्कर्ष काढता येत नाही.

मग औषधाने हे दार उघडता येईल का? मूत्राशयाच्या विकारावरील मिराबेग्रॉन या औषधाच्या मोठ्या मात्रेने तपकिरी मेद सक्रिय होतो, असे २०१५ मध्ये दिसून आले. परंतु हृदयाचे ठोकेही वाढले. त्याहून कठोर धडा १९३० च्या दशकातील आहे. वजन घटवण्यासाठी अमेरिकेत विकले जाणारे डायनायट्रोफेनॉल हे रसायन असाच प्रवाह शरीरातील सर्व पेशींत अनियंत्रितपणे मोकळा करते. अनेकांना मोतीबिंदू झाला, काहींचा ताप अतोनात वाढून मृत्यू झाला. १९३८ मध्ये तेथे ते मानवी वापरास घातक ठरवण्यात आले.

उंदरांमध्ये आढळलेले लाभ माणसांत त्याच प्रमाणात मिळतात, हे अद्याप सिद्ध झालेले नाही. त्यामुळे 'चरबी जाळणाऱ्या' गोळ्यांच्या जाहिरातींना भुलणे धोक्याचे आहे. संतुलित आहार, नियमित व्यायाम आणि वैद्यकीय सल्ला यांना आजही पर्याय नाही.