डॅटच्या फितीतले गोवा ट्रान्स

गोवा ट्रान्स हे नृत्यसंगीत १९९०च्या आगेमागे हणजूण आणि वागातोरच्या किनाऱ्यांवर आकाराला आले. मिनिटाला साधारण १४० ते १५० ठोके, शब्द जवळजवळ नाहीत, आणि सात-आठ मिनिटे थरावर थर चढवत जाणारे सिंथेसायझरचे सूर. आज तीस वर्षांनी जगभरचे रसिक या जुन्या रचना पुन्हा शोधत आहेत. हे काम कष्टाचे आहे, कारण त्यांतल्या कित्येक रचना कधी तबकडीवर निघाल्याच नव्हत्या.

साठच्या दशकाच्या अखेरीस हिप्पी हणजूणला आले तेव्हा किनाऱ्यावर रॉक वाजत असे. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी फ्रान्सचा लोराँ आणि सॅन फ्रान्सिस्कोचा गोवा गिल यांच्यासारख्या डीजेंनी युरोपातले इलेक्ट्रॉनिक संगीत आणले. गाण्यातला गायनाचा भाग काढून टाकायचा, वाद्यांचे तुकडे जोडून लांबवायचे आणि ते कॅसेटवरून रात्रभर वाजवायचे, अशी ही पद्धत. त्याच काळात शिकागोत फ्रँकी नकल्स याने वेअरहाऊस क्लबमध्ये रुजवलेले हाऊस संगीत घडत होते. ब्रिटनमधल्या रेव्ह पार्ट्यांत पुढे ब्रेकबीटही आला. त्याचा सर्वांत गाजलेला ठेका विन्स्टन्स या गटाच्या १९६९च्या ‘आमेन, ब्रदर’मधल्या अवघ्या काही सेकंदांच्या ड्रमवादनातून उचललेला आहे. हणजूणने मात्र तो तुटक ठेका घेतला नाही. तिथे पहाटेपर्यंत सरळ, अखंड ठोकाच चालला.

हाऊस आणि गोवा ट्रान्स या दोन्ही घराण्यांत एक यंत्र पुन्हा पुन्हा ऐकू येते : रोलँड कंपनीचे टीबी-३०३. गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून काढलेले हे यंत्र खपले नाही आणि १९८४मध्ये बंद झाले. शिकागोच्या फ्यूचर या गटाने १९८७मध्ये ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’मध्ये त्याचा चिरका, वळणदार आवाज वापरला आणि अ‍ॅसिड हाऊस जन्मले. पण त्याच्या पाच वर्षे आधी, १९८२मध्ये, मुंबईतील चित्रपटसंगीताचे वादक चरणजित सिंग यांनी हेच यंत्र, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले होते. ३०३ला एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येते. मींडेची सवय असलेल्या कलाकाराला ते जवळचे वाटले असल्यास नवल नाही. ती तबकडी तेव्हा फारशी विकली गेली नाही. २०१०मध्ये ती पुन्हा निघाली आणि सत्तरीत पोहोचलेले सिंग युरोपातल्या मंचांवर पोहोचले. २०१५मध्ये त्यांचे निधन झाले. पुन्हा शोध लागण्याचे याहून समाधान देणारे उदाहरण या क्षेत्रात क्वचितच सापडेल.

गोव्यातल्या रचना हरवल्या त्या वेगळ्या कारणाने. व्हिनाइलच्या तबकड्या उन्हात वाकत, त्यांत रेती जाई, शिवाय त्या वाहून आणायला जड. म्हणून डीजे डॅटकडे वळले. सोनीने १९८७मध्ये आणलेली ही छोटी डिजिटल कॅसेट. नकलेवर नक्कल केली तरी आवाज उतरत नसे. संगीतकार ताजी रचना थेट डॅटवर देत आणि डीजे आपसांत देवघेव करत. मात्र बहुतेक डॅट यंत्रांवर वेग कमी-जास्त करण्याची सोय नव्हती, त्यामुळे दोन रचनांचे ठेके जुळवता येत नसत. जोड सांधता यावा म्हणून सुरुवात आणि शेवट बिनठेक्याचे, पसरट ठेवले जाऊ लागले. गोवा ट्रान्सची ती ओळखीची धीमी सुरुवात काही अंशी या अडचणीतूनच आलेली आहे.

त्या रात्रींना गावाचाही हात होता. आसपासच्या बायका चटया अंथरून, रॉकेलचे दिवे लावून चहा आणि ऑम्लेट विकत. रात्र जागवणे या मुलखाला परके नव्हतेच. पेडणे आणि डिचोली तालुक्यांत जत्रेतला दशावतारी काला रात्रभरच रंगतो. डिसेंबर १९९४मध्ये ब्रिटिश डीजे पॉल ओकनफोल्डचा ‘गोवा मिक्स’ बीबीसी रेडिओ १वर वाजला आणि हणजूणचे नाव घराघरांत गेले. त्यानंतर २०००चे ध्वनिप्रदूषण नियम आणि २००५चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांमुळे रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावणे बंद झाले. मुक्कामाला येणारे बरेच परदेशी शापोरा नदी ओलांडून मोरजी, मांद्रे, हरमलकडे सरकले.

सोनीने २००५मध्ये डॅट यंत्रे बनवणे थांबवले. जुनी कॅसेट खराब झाली की तिचा आवाज हळूहळू मंदावत नाही. चूक दुरुस्त होण्यापलीकडे गेली की तिथे खटका किंवा शांतता येते. फिरत्या डोक्याची ही यंत्रे नाजूक असून सुटे भाग दुर्मीळ झाले आहेत. त्यामुळे फीत एकदाच नीट वाजेल असे धरून ती संगणकावर उतरवतात. डॅट रेकॉर्ड्स आणि बेल्जियमचे सनट्रिप यांसारख्या छोट्या संस्थांनी अशा अप्रकाशित रचना बाहेर काढल्या आहेत. अवघड जाते ते ओळख पटवणे. कॅसेटवर हाताने लिहिलेली नावे अपुरी किंवा चुकीची असतात आणि एकाच रचनेची तीन-चार रूपे फिरत असतात. मूळ संगीतकाराने ऐकून दुजोरा दिला तरच ती त्याच्या नावाने छापता येते. गोवा गिल २०२३मध्ये गेला. त्या पिढीतले जे आज हयात आहेत, त्यांच्याकडून हा दुजोरा आताच घ्यावा लागणार आहे.