पाडव्याची ओवाळणी आणि जपानी चॉकलेट

नवराबायकोच्या देण्याघेण्यावर कामगार संघटनेच्या माणसाने बोलावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु भेट म्हटली की खिसा आला, आणि खिसा आला की मजुरी आली. तेव्हा विषय माझ्याच हद्दीतला आहे.

जपानात १४ फेब्रुवारीस स्त्रिया पुरुषांना चॉकलेट देतात. ही चाल पुराणी नव्हे आणि धर्माचीही नव्हे. कोबे येथील मोरोझॉफ या मिठाईवाल्या कंपनीने १९३६ साली तशी जाहिरात केली. १९५८ साली टोकिओच्या इसेतान या मोठ्या दुकानात मेरी कंपनीने विक्री मांडली, तिला गिऱ्हाईक जवळजवळ मिळालेच नाही. पुढे मात्र चाल रुजली. पुरुषांनी परतफेड करावयाचा १४ मार्चचा ‘व्हाइट डे’ तर मिठाईवाल्यांच्या संघानेच १९८० साली सुरू केला. दुकानदाराने सण काढावा आणि लोकांनी तो पाळावा, असा हा प्रकार!

तेथे चॉकलेटांत दोन जाती आहेत. मनातल्या माणसाला द्यावयाचे ते ‘होन्मेई’; साहेबाला व सहकाऱ्यांना द्यावयाचे ते ‘गिरी’. गिरी म्हणजे लोकरीतीने अंगावर पडलेले कर्तव्य. कचेरीतल्या मुलीने आपल्या तुटपुंज्या पगारातून जास्त पगाराच्या साहेबाचे तोंड गोड करावयाचे. २०१८ साली गोदिवा या चॉकलेट कंपनीनेच वृत्तपत्रात जाहिरात देऊन ‘गिरी’ थांबवा असे सुचविले. विकणाऱ्याला दया आली की गिऱ्हाईक कंटाळल्याचे त्याने ओळखले, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आपल्याकडे कार्तिक शुद्ध प्रतिपदेला बायको नवऱ्याला ओवाळते आणि तो तबकात ओवाळणी टाकतो. यात साहेब नाही, एवढे बरे. पण गिरी आहेच. शेजारणीला पैठणी मिळाली आणि आपल्या तबकात नोट पडली, की त्या नोटेतली माया कमी दिसू लागते. मग उसनवारी होते.

आणि ओवाळणी कोणाच्या पैशाची? मानवत ही कापसाची पेठ. दिवाळीच्या सुमारास आपल्या भागातल्या बाया किलोवर मजुरी घेऊन कापूस वेचीत असतात. १९६५ च्या कायद्याने बोनस हा हक्क ठरला, पण तो कारखान्यांना आणि वीस किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनांना. शेतात वेचणारीला बोनस नाही. ती मजुरी घरात देते, आणि पाडव्याला त्यातलीच एक नोट नवऱ्याच्या हातून तिच्या तबकात पडते.