परसबागेतील उन्हाळी कंदफुले

वैशाखाच्या उन्हात अंगणातील हंगामी फुलझाडे वाळून जातात, विहिरीचे पाणी तळ गाठते आणि कुंडीला तांब्याभर पाणी घालतानाही हात आखडतो. नेमक्या याच दिवसांत ओसाड दिसणाऱ्या एखाद्या कुंडीतून जाड दांडा वर येतो आणि थोड्याच दिवसांत त्यावर लाल फुलांचा चेंडू उमलतो. महिनोन्‌महिने पाणी न मिळालेल्या मातीतून आलेले हे फूल म्हणजे जमिनीखालील कंदाने राखून ठेवलेल्या शिदोरीचे फळ होय.

कंदाची रचना

घरातील कांदा उभा चिरून पाहिला असता कंदाची रचना सहज समजते. तळाशी असलेली चपटी चकती हे खोड, तिच्यावरील मांसल पापुद्रे ही अन्न साठविणारी पाने आणि मधोमध असतो तो कोंब. फुलांच्या कंदांची घडणही अशीच असते. हिरव्या पानांनी सूर्यप्रकाशात तयार केलेले अन्न कंदात साठते. प्रतिकूल ऋतूत पाने सुकतात व कंद विश्रांती घेतो. ऋतू पालटताच त्याच साठ्यावर फुलांचा दांडा वर येतो. म्हणजेच यंदाचे फूल ही गतवर्षीच्या पानांची कमाई असते. एवढे एक तत्त्व ध्यानी घेतले, की या झाडांची निगा कशी राखावी हे वेगळे सांगावे लागत नाही.

लागवडीस योग्य प्रकार

आपल्याकडील हवामानात तीन प्रकार विनासायास वाढतात. पहिला प्रकार ॲमॅरिलिस या नावाने रोपवाटिकांत मिळणाऱ्या लिलीचा. ही मूळची दक्षिण अमेरिकेतील. मार्च ते मे या काळात तिला लाल, नारिंगी, गुलाबी किंवा पांढरी, कर्ण्याच्या आकाराची मोठी फुले येतात. दुसरा प्रकार फुटबॉल लिली अथवा मे फ्लॉवर. आफ्रिकेतून आलेल्या या झाडाचा एक चेंडू म्हणजे प्रत्यक्षात शंभराहून अधिक लहान फुलांचा गुच्छ असू शकतो. या दोहोंचा बहर सुमारे आठवडाभर टिकतो.

तिसरा प्रकार पावसाळी लिलीचा. वळवाच्या सरीनंतर काही दिवसांतच तिची गुलाबी, पांढरी वा पिवळी फुले वाफाभर उमलतात. प्रत्येक फुलाचे आयुष्य दोन-तीन दिवसांचेच असते. ‘झेफिरँथस’ हे तिचे शास्त्रीय नाव ग्रीक भाषेतील ‘पश्चिमेचा वारा’ व ‘फूल’ या शब्दांवरून आले आहे. पश्चिमेचा वारा पाऊस घेऊन येतो अशा आपल्या प्रदेशात हे नाव अधिकच सार्थ वाटते.

लागवड

कोंब फुटण्यापूर्वी, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास कंद लावावेत. दोन भाग पोयट्याची माती, एक भाग कुजलेले शेणखत व एक भाग वाळू असे मिश्रण चालते. काळ्या भारी जमिनीत वाळूचे प्रमाण वाढवावे, कारण तुंबलेल्या पाण्यात कंद कुजतात. ॲमॅरिलिसच्या कंदाचा वरचा तिसरा हिस्सा मातीबाहेर ठेवावा. फुटबॉल लिलीच्या कंदाचे टोक मातीच्या पृष्ठभागाशी येईल असे पाहावे आणि तिला दुपारच्या कडक उन्हापासून आडोसा द्यावा. पावसाळी लिलीचे लहान कंद चार-पाच सेंटिमीटर खोल, दहा-बारा एकत्र लावल्यास फुलांचा ताटवा दिसतो.

फुलानंतरची निगा

खरी निगा फुले सरल्यावर सुरू होते. सुकलेला दांडा कापावा. हिरवी पाने मात्र कधीही कापू नयेत. पाने वाढत असताना नियमित पाणी द्यावे आणि पंधरवड्यातून एकदा शेणखताचे पातळ पाणी घालावे. पावसाळ्यात पानांवर ठिपकेदार काळपट अळ्या आढळल्यास त्या हाताने वेचून नष्ट कराव्यात. हिवाळ्यात फुटबॉल लिलीची पाने पिवळी पडू लागली, की पाणी बंद करावे. ॲमॅरिलिसची पाने टिकून राहिल्यास पाणी केवळ कमी करावे. पाने गेली म्हणजे झाड मेले असे समजून कुंडी रिकामी केली जाते व जिवंत कंद उकिरड्यावर जातात. ही चूक नेहमी घडते. कुंडीवर नावाची पट्टी लावून ती सावलीत ठेवणे, एवढेच या काळात पुरेसे असते. तीन-चार वर्षांनी कंदाशेजारील पिल्ले अलग करून नव्या कुंड्या तयार करता येतात.

दोन खबरदाऱ्या

हे कंद दिसण्यात कांद्यासारखे असले तरी विषारी आहेत. पोटात गेल्यास त्यांनी उलट्या होतात. म्हणून ते स्वयंपाकघरात ठेवू नयेत, मुलांच्या व जनावरांच्या तोंडी लागू देऊ नयेत आणि हाताळल्यावर हात धुवावेत. दुसरे असे, की बागेसाठी डोंगरमाथ्यावरील रानटी कंद उकरून आणू नयेत. कोकणातील कातळसड्यांवर पावसाच्या आरंभी फुलणारी दीपकाडी जगात अन्यत्र आढळत नाही. एक कंद उपटला, की तेथील पुढच्या सर्व वर्षांची फुले जातात.

शाळेच्या आवारात

फुटबॉल लिली आणि पावसाळी लिली यांचे वेळापत्रक शाळेशी चांगले जुळते. पानांना निगा हवी असते त्या पावसाळ्यात विद्यार्थी शाळेत असतात. एप्रिलमध्ये पाण्याची टंचाई भासू लागते तेव्हा कंद झोपलेले असतात. शाळेच्या व ग्रामपंचायत कार्यालयाच्या आवारात अशा दहा-वीस कुंड्या ठेवणे फारसे खर्चाचे नाही. पहिल्या सरीची आणि पहिल्या फुलाची तारीख विद्यार्थ्यांनी दरवर्षी वहीत नोंदवून ठेवावी. काही वर्षांत गावाच्या पावसाची एक लहानशी बखर त्यातून तयार होईल आणि आज केलेली निगा उद्या फुलते, हा धडा पुस्तकाविना शिकून होईल.